‘सिली मिस्टेक’ नेमकी कुठे होते? स्वभाव, विचारशैली आणि मुलांचं भान

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारे एक सर लिहितात, “बाहेरची एक संस्था वर्गाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन गेली. प्रत्येकाच्या अहवालात स्वभाव, विचारशैली आणि ‘सजगता’ यांचे आकडे आहेत. माझ्या वर्गातला एक हुशार, बडबड्या मुलगा ‘बहिर्मुख, सजगता कमी’ निघाला. एक गप्प, अभ्यासू मुलगी ‘अंतर्मुख, चिंताग्रस्त, सजगता कमी’ निघाली. दोघांनाही रोज दहा मिनिटं ध्यान सुचवलंय. स्वभावच तसा असेल तर भान वाढवता येतं का? आणि इतक्या वेगळ्या दोन मुलांना उपाय एकच कसा?”

सर, तुमच्या दुसऱ्या शंकेतच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अहवालात दोघांपुढे ‘कमी’ लिहिलंय, पण त्या दोन ‘कमी’चा एकमेकांशी फारसा संबंध नसावा. मुलगा बहुधा स्वतःच्या उत्तराकडे बघतच नाही. मुलगी सतत बघते, पण उत्तराकडे नाही, स्वतःकडे. मी अकरा वर्षं फिजिक्सच शिकवलं आणि त्यानंतरची वीस वर्षं समुपदेशनात आहे. अशा जोड्या दरवर्षी भेटतात. माझं मत आधीच सांगून टाकते: स्वभावावरून मुलाला भान किती आहे हे फारसं कळत नाही. ते कुठे सुटतं, याचा मात्र बऱ्यापैकी अंदाज येतो. आणि जिथे सुटतं तिथेच हात घालावा लागतो.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. सजगता म्हणजे या क्षणी काय चाललंय याकडे लक्ष असणं, इंग्रजीतलं माइंडफुलनेस. सजगता मोजण्यासाठी जगभर खूप वापरली जाणारी एक प्रश्नावली ब्राऊन आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात १५ विधानं आहेत आणि गंमत म्हणजे सगळी बेसावधपणाबद्दल आहेत. काय खातोय याकडे लक्ष नसताना खाणं, घाईघाईत कामं उरकणं, यंत्रासारखं काहीतरी करत राहणं. हे आपल्या बाबतीत किती वेळा घडतं ते मुलानं १ ते ६ मध्ये सांगायचं आणि सरासरी काढायची. झाला आकडा. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच एका वर्गाकडून ती भरून घेत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, माझं लक्ष नसतं हे माझ्या लक्षात कसं येणार?” वर्ग हसला, मीही हसले. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जी मुलं स्वतःवर बारीक नजर ठेवतात त्यांना आपला वेंधळेपणा जास्त दिसतो आणि ती स्वतःला कमी गुण देतात. ज्याला तो दिसतच नाही तो खुशाल ‘जवळजवळ कधीच नाही’वर खूण करतो. म्हणून एकट्या आकड्यावरून मी कुठल्याच मुलाबद्दल मत बनवत नाही.

मराठीत ‘भान’ शब्दाची एक मौज आहे. ‘याला कशाचं भानच नाही’ ही शिवी होते आणि ‘भान हरपून गायला’ ही दाद होते. दोन्ही खरं आहे. गणितात बुडालेला मुलगा जेवायची हाक ऐकत नाही, त्याला स्वतःचा विसर पडलेला असतो. ती स्थिती मोडायची आपल्याला काहीच गरज नाही. शिक्षकाला हवं असतं ते वेगळंच भान: मला हे येतंय की येतंय असं वाटतंय, हे ओळखण्याचं. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या या क्षमतेवर काम केलं आणि तिला ‘मेटाकॉग्निशन’ हे नाव रूढ केलं. आपण त्याला स्वतःच्या विचारावरची नजर म्हणू. वर्गात बसून लक्ष देणं, स्वतःच्या समजुतीवर नजर असणं आणि ‘मी कसा दिसतोय, माझं कसं होणार’ हे सारखं पाहत राहणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात तिन्ही एकाच डब्यात पडतात.

आता स्वभावाकडे येऊ. व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक हल्ली सगळेच वापरतात: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याबद्दलचं कुतूहल. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा सजगतेच्या प्रश्नावल्यांशी सर्वांत ठळक नातं भावनिक अस्थिरतेचं निघालं, तेही उलटं: चिंता जास्त तर सजगता कमी. त्याखालोखाल कर्तव्यदक्षतेचं, पण ते सुलटं. बहिर्मुखतेचा संबंध किरकोळ होता. म्हणजे बडबड्या मुलाची सजगता कमी निघाली तर ती तो बडबड्या आहे म्हणून, असं म्हणायला आधार नाही. हे त्याच्या आईवडिलांना जरूर सांगा, कारण घरी जाऊन अहवालाचा अर्थ ‘मित्र कमी कर’ असा लावला जातो.

शिवाय ‘नातं’ म्हणजे किती, हेही विचारायला हवं. समजा दोन गोष्टींमधला सहसंबंध, म्हणजे त्या किती जोडीनं कमी-जास्त होतात याचा आकडा, ०.३ आहे. मानसशास्त्रात हा बरा आकडा मानतात. पण त्याचा वर्ग केला की ०.०९ येतो. म्हणजे मुला-मुलांत जो फरक दिसतो त्यातला ९ टक्के भाग त्या गोष्टीशी जुळतो आणि ९१ टक्के दुसऱ्याच कशाकशाशी. त्यातही दोन्ही प्रश्नावल्या त्याच मुलानं, त्याच बाकावर, बहुधा त्याच अर्ध्या तासात भरलेल्या असतात. ‘मी कामं घाईत उरकतो’ हे सजगतेच्या कागदावर आणि ‘मी कामं नीट करतो’ हे कर्तव्यदक्षतेच्या कागदावर. दोन्हींना जुळणारी उत्तरं आली तर त्यात नवल काय?

तुमच्या मुलीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण अशा मुलींना ‘सजगता कमी’ म्हणणं मला सर्वांत खटकतं. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये एका जुन्या कोड्यावर काम केलं. स्वतःबद्दल खूप विचार करणारे लोक स्वतःला चांगलं ओळखतात, पण तेच लोक जास्त दुःखीही असतात, हे कसं? त्यांनी दाखवलं की या वृत्तीचे दोन धागे आहेत. एक म्हणजे घोळवणं: झालेल्या चुका, बोललेले शब्द, होऊ घातलेली फजिती पुन्हा पुन्हा चघळत राहणं. हे चिंतेच्या स्वभावाशी जोडलेलं असतं. दुसरं म्हणजे कुतूहलानं स्वतःकडे पाहणं: मी असं का केलं बरं? हे नव्याबद्दलच्या कुतूहलाशी जोडलेलं असतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्ही मुली गप्प असतात, दोघी खिडकीबाहेर बघतात.

माझ्याकडे बारावीची एक मुलगी यायची. तिला मी एका सराव परीक्षेनंतर लगेच बसवलं आणि म्हटलं, पहिल्या अर्ध्या तासात काय काय झालं ते सांग. तिनं सांगितलं: पर्यवेक्षकांच्या चपलेचा आवाज, पुढच्या मुलीनं विसाव्या मिनिटाला मागितलेली पुरवणी, ती पुरवणी बघून पोटात पडलेला खड्डा, ‘आपण मागे पडलो’ हा विचार, घड्याळ, पुन्हा घड्याळ, घरी बाबा काय म्हणतील. इतकं बारकाईनं निरीक्षण करणारीला बेसावध कोण म्हणेल? मग मी विचारलं, दुसऱ्या प्रश्नात काय दिलं होतं? ते तिला आठवेना. उत्तर मात्र तिनं बरोबर लिहिलं होतं! हाताला येत होतं, डोकं पुरवणीत होतं.

अशा मुलीला ‘डोळे मिटून स्वतःकडे बघ’ सांगणं म्हणजे चिखलात रुतलेल्याला आणखी जोरात पाय मार म्हणण्यासारखं होऊ शकतं. सगळ्यांचं तसं होतं असं नाही, काहींना श्वासावर लक्ष ठेवून खरंच शांत वाटतं. पण मी सुरुवात बाहेरून करते. कागदावर. प्रश्न वाचताना पेन्सिलनं दिलेल्या प्रत्येक संख्येखाली रेघ, आणि काय शोधायचं त्याभोवती गोल. इतकंच. लक्ष जायला त्याला जागा लागते. ‘चिंता करू नकोस’ ही जागा नाही, पेन्सिलचं टोक ही जागा आहे. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढली की गुण वाढतात, असा एक प्रयोग २०११ मध्ये खूप गाजला होता. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तो करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून तो तोडगा मी हमखास म्हणून कुणाला देत नाही. एखादीला लिहून मोकळं वाटत असेल तर लिहू दे.

तुमचा मुलगा म्हणजे विचारशैलीचा भाग. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांची मांडणी मला वर्गात उपयोगी पडते. त्यांनी मनाच्या कारभाराची तुलना राज्यकारभाराशी केली आणि १३ शैली सांगितल्या. त्यातल्या पहिल्या तीन पुरे आहेत. काहींना स्वतःचे नियम करायला आवडतात, ती विधायी शैली. काहींना दिलेला नियम चोख राबवायला आवडतं, ती कार्यकारी. काहींना तपासायला, तोलायला, खोड काढायला आवडतं, ती न्यायिक. स्टर्नबर्ग यांचा आग्रह असा की शैली म्हणजे कुवत नव्हे, आवड. ती प्रसंगागणिक बदलते आणि घडवताही येते. आपली शिकवणी-सराव-बोर्डाचा पेपर ही साखळी कार्यकारी शैलीला भरपूर खाऊ घालते. तपासण्याचं काम आपण शिक्षक स्वतःकडे ठेवतो, लाल पेनासकट. मग मुलाची न्यायिक सवय वाढणार कुठे? वर आपणच म्हणतो, ‘पेपर परत एकदा बघायला काय होतं रे तुला?’

चटकन उत्तर सुचणाऱ्या मुलांसाठी एक कोडं मी दरवर्षी घालते. मूळ कोडं शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये वापरलं, मी रुपयांत करते. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याला? अर्धा वर्ग ‘दहा!’ ओरडतो. चेंडू दहाचा तर बॅट ११० ची, दोन्ही मिळून १२० झाले. उत्तर पाच. मला त्यात महत्त्वाची वाटतात ती गप्प राहिलेली दोन-चार मुलं. नंतर विचारलं की त्यातली बरीच म्हणतात, ‘दहा मलाही आलं होतं, पण करून पाहिलं.’ म्हणजे ते पहिलं उत्तर बऱ्याच जणांच्या डोक्यात उगवतं. फरक पडतो तो त्यानंतरच्या दोन सेकंदांत. ‘करून पाहिलं’ ही कृती आहे. तिला बुद्ध्यांक कमी लागतो, सवय जास्त लागते.

आता ‘सिली मिस्टेक’. हा शब्द मी माझ्या खोलीत बंद केलाय. एका मुलाच्या आईनं त्याचे पाच पेपर माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “सगळं येतं हो याला, सिली मिस्टेकनं जातं.” आम्ही तिघांनी जमिनीवर कागद पसरले. पाचांपैकी तीन पेपरांत चूक एकच होती. तारेचा डायमीटर दिलेला, यानं तोच रेडियस म्हणून घातलेला. क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे यंग्ज मॉड्युलस (तारेच्या धातूच्या ताठपणाचं माप) एक चतुर्थांश. पाय आर स्क्वेअर पाठ, सूत्र बरोबर, आकडेमोड स्वच्छ. प्रश्न वाचताना त्याचा डोळा संख्या उचलायचा आणि शब्द सोडायचा. तो कागदांकडे बघत बसला आणि म्हणाला, “म्हणजे मी दर वेळी इथेच पडतो?” त्या वाक्यासाठी मी वीस वर्षांत कितीतरी वेळा वाट पाहिली आहे. चूक एकाच जागी तीनदा होते तेव्हा तिला जागा आहे, नाव आहे, आणि तिच्यापुढे फलक लावता येतो. त्यानं कंपासपेटीच्या झाकणावर आतून लिहिलं: ‘डी की आर?’

अहवालात ‘दृश्य शिकणारा’, ‘श्राव्य शिकणारा’ असं काही असेल तर त्यावर वेळ घालवू नका. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, हे २००८ मध्येच चार संशोधकांनी सविस्तर तपासून मांडलंय.

मग वर्गात करायचं काय? तुम्ही फिजिक्सचे, तुम्हाला मोजमाप आवडेल. उत्तरपत्रिका देण्याआधी मुलांना प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःचा अंदाज लिहायला लावा: इथे मला किती मिळतील. मग गुण. मग फरक. तीन रकाने. माझ्या एका बॅचमध्ये २५ च्या चाचणीत एका मुलाचा अंदाज २३ आणि मिळाले १४. त्याच बाकावरच्या मुलीचा अंदाज ११ आणि मिळाले १९. दोघांचंही स्वतःबद्दलचं भान आठ-नऊ गुणांनी चुकलेलं, फक्त दिशा उलट. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा हे मला जास्त सांगून गेलं, कारण इथे मुलानं स्वतःबद्दल काय म्हटलं ते पडताळायला शेजारीच गुण आहेत. पहिल्या दोन-तीन चाचण्यांत मुलं गंमत करतात, मुद्दाम कमी लिहितात, नजर लागू नये म्हणून! त्याकडे दुर्लक्ष करा. अंदाजाला गुण देऊ नका आणि तो वर्गात मोठ्यानं वाचू नका. चौथ्या-पाचव्या चाचणीपासून फरक काही जणांचा कमी होतो, काहींचा एका धड्यात कमी आणि दुसऱ्यात तसाच राहतो. तो तसाच राहिलेला धडाच आपल्याला हवा असतो.

अंदाज केव्हा करायचा यालाही महत्त्व आहे. वाचून लगेच ‘येतंय’ वाटतं, कारण पान अजून डोळ्यांपुढे असतं. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग स्वतःला विचारलं तर अंदाज बराच अचूक येतो. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये हे दाखवलं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग तर मी मुलांना गोष्टीसारखा सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. पण आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. हायलायटरनं पिवळं झालेलं पुस्तक बघून मला हेच आठवतं. घरी सांगायचं तर एवढंच: संध्याकाळी वाचलं, जेवण झालं, मग वही मिटून कोऱ्या कागदावर लिही. जे लिहिता येत नाही ते येत नाही.

ध्यानाबद्दल तुम्ही थेट विचारलंय. मी त्याच्या विरोधात नाही. आपल्या राज्यात शाळांमध्ये ‘मित्र’ उपक्रमातून आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, शिकवलं गेलंय, आणि तास सुरू होण्याआधी पाच मिनिटं शांत बसलेल्या वर्गाला शिकवणं सोपं जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. पण दावा तेवढाच करावा. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर सजगतेच्या प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्यानं मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त फरक पडला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. (दहा मिनिटं ध्यान लिहून देणाऱ्यानं हे वाचायला हवं होतं.) ज्याला बसायचंय त्याला बसू दे, सक्ती करू नका, आणि कुणाला छातीत धडधड किंवा घाबरं होत असेल तर डोळे उघडे ठेवायची मुभा द्या.

स्वभावाकडे जाण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा. झोप: तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास लागतात. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला क्लास, अशा मुलाचं व्यक्तिमत्त्व मोजण्यात अर्थ नाही, तो पेंगतोय. आणि चष्मा. फळ्यावरचा घातांक न दिसणारी मुलं अकरावीतही निघतात. लहानपणापासून घरी आणि शाळेत दोन्हीकडे लक्ष टिकत नसेल तर अहवालावर न थांबता बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगा. मुलीच्या बाबतीत झोप उडणं, जेवण तुटणं किंवा ‘नको झालंय’ अशी भाषा ऐकू आली तर रकाने बाजूला ठेवा, त्याच दिवशी पालकांशी बोला. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

अहवाल आधीच मुलांच्या हातात गेले असतील. परत मागू नका, त्यानं त्यांची किंमत वाढेल. फक्त एवढं करा की कुणीही स्वतःची ओळख त्यातल्या शब्दानं करून देऊ लागलं, ‘सर, मी कमी सजगतावाला’ वगैरे, तर विचारा: कुठल्या प्रश्नात?

पुढच्या युनिट टेस्टला त्या दोघांना वेगवेगळं सांगा. मुलाला: शेवटची सात मिनिटं पेन खाली, आणि फक्त दिलेल्या संख्यांपुढचे शब्द पुन्हा वाच, उत्तरं वाचू नकोस. मुलीला: तपासायचं नाहीच, एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, पेन्सिलची रेघ आणि गोल एवढंच. तिला पहिली पुरवणी मागणाऱ्यांपासून लांब, पुढच्या बाकावर बसवता आलं तर उत्तम. आणि नंतर मला दोघांचे गुण पाठवू नका. अंदाजाचा रकाना पाठवा.